उसन्या जगातली चित्रकथा

२००२ साली विझर्ड्स ऑफ द कोस्ट या अमेरिकन कंपनीने एक स्पर्धा जाहीर केली. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा त्यांचा खेळ. त्यासाठी एक नवं काल्पनिक जग हवं होतं आणि ज्याला सुचेल त्याने ते एका पानात लिहून पाठवायचं होतं. ११ हजारांच्या आसपास पानं आली. गाळत गाळत तिघंजण उरले. त्यांतल्या कीथ बेकरचं ‘एबेरॉन’ जिंकलं आणि २००४ मध्ये त्याचं जाडजूड पुस्तक निघालं. हरलेल्या दोघांपैकी एक होता रिच बर्ल्यू. त्याचं ते जग आजवर छापून आलेलं नाही.

सप्टेंबर २००३ मध्ये याच बर्ल्यूने आपल्या संकेतस्थळावर एक चित्रपट्टी टाकायला सुरुवात केली. गोल डोकी, काडीचे हात, काडीचे पाय. नावही तसंच, ‘द ऑर्डर ऑफ द स्टिक’. एक योद्धा, एक बुटका पुजारी, एक चोरटी, एक एल्फ जादूगार, एक गाणारा आणि एक छोटा पण महाखुनशी इसम असे सहाजण एका भुयारात उतरलेले. खेळाची साडेतीन क्रमांकाची नियमावली तेव्हा नुकतीच बाजारात आली होती, आणि पहिल्याच पट्टीत या सहाजणांच्या अंगावर जुने नियम जाऊन नवे चढतात. हसायला येतं ते एवढ्यावरच. २०१२ मध्ये त्याने जुने छापील खंड पुन्हा काढण्यासाठी किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या संकेतस्थळावर ५७,७५० डॉलर मागितले. महिनाभरात १४,९५२ लोकांनी मिळून साडेबारा लाखांवर डॉलर दिले.

काडीची माणसं आणि साडेबारा लाख डॉलर. हे आकडे पाहून पुष्कळांनी पेन्सिली उचलल्या. मीही त्यांतला एक. चौदा पट्ट्या काढल्या आणि थांबलो. का थांबलो ते पुढे येईल. पण त्या भानगडीत एक गोष्ट कळली, ती या लेखात सांगायची आहे. दुसऱ्याच्या जगातून जे उचलणं कायद्याने धोक्याचं असतं, नेमकं तेच गोष्टीच्या दृष्टीने सर्वांत कमी कामाचं असतं.

आधी खेळ म्हणजे काय

ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. चार-पाचजण टेबलाभोवती बसतात. एकजण सूत्रधार, त्याला सगळे ‘डीएम’ म्हणतात. तो सांगतो, “समोर दगडी दार आहे, आतून कुणीतरी घोरतंय.” बाकीचे आपापल्या पात्राच्या तोंडून बोलतात. “मी हळूच दार ढकलते.” जमलं की नाही हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. वीस पडले तर जल्लोष, एक पडला तर दार करकरतं आणि घोरणं थांबतं. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ मध्ये हा खेळ छापून विकायला आणला. आज पुण्या-मुंबईत, बंगळुरूत शनिवारी रात्री असली टेबलं भरतात. बोलणं मराठी-हिंदी-इंग्रजीची मिसळ असतं, आणि “सेव्ह मार” (संकटातून वाचायला फासा टाक) किंवा “नॅट ट्वेंटी पडला” (फाशावर थेट वीस आले) याला कुणी प्रतिशब्द शोधत बसत नाही.

यात दोन वेगळ्या वस्तू आहेत हे लक्षात घ्या. एक नियम: किती बाजूंचा फासा, तलवारीने किती इजा, पडल्यावर काय. दुसरं जग, म्हणजे हा खेळ कुठे घडतो: कुठलं शहर, कुठले देव, कुठला राजा. कॅनडात वाढलेल्या एड ग्रीनवुडने पोरवयापासून रचलेलं ‘फरगॉटन रेल्म्स’ १९८७ पासून या खेळाचं जग म्हणून विकलं जातं. नियम तेच ठेवून एबेरॉनमध्ये खेळता येतं, फरगॉटन रेल्म्समध्ये खेळता येतं, नाहीतर आपल्या मनाने काढलेल्या सह्याद्रीसारख्या डोंगररांगेतही खेळता येतं.

कुणाचं काय

चाहत्याने चित्रकथा काढायची म्हटली की पहिला प्रश्न येतो, हे चालतं का? एका शब्दात उत्तर नाही. मात्र तुम्ही उचलताय त्या मालाचे तीन ढीग केले तर गुंता बराच सुटतो.

पहिला ढीग नियमांचा. फासा टाकून लढाई ठरवायची ही पद्धत आहे, आणि पद्धतीवर लेखनहक्क, म्हणजे कॉपीराइट, लागत नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८७९ मध्ये ‘बेकर विरुद्ध सेल्डन’ या खटल्यात हे सांगून ठेवलंय, तेही हिशेबाच्या वह्यांवरून. सेल्डनने जमाखर्च मांडायची नवी रीत काढून पुस्तक लिहिलं. न्यायालय म्हणालं, पुस्तकातली भाषा तुझी, पण त्या रीतीने वह्या लिहायला जग मोकळं आहे. नियमपुस्तकातली वाक्यं जशीच्या तशी उतरवणं मात्र वेगळं. ती भाषा कुणाची तरी आहे.

दुसरा ढीग सगळ्यांच्या मालकीचा. ड्रॅगन, चेटकीण, बोलकी तलवार, भुयारातला खजिना, उत्तर युरोपच्या लोककथांतले एल्फ आणि बुटके खाणकामगार. हे कुणाच्या बापाचं नाही.

तिसरा ढीग नावांचा आणि नेमक्या कल्पनांचा. हा कंपनीचा. मधे एक मोठा डोळा आणि भोवती देठांवर छोटे डोळे असलेला तरंगता गोळा, म्हणजे बिहोल्डर, त्यांचा. ऑक्टोपसच्या तोंडाचा, मेंदू खाणारा माइंड फ्लेअर त्यांचा. शहरांची, देवांची, प्रसिद्ध जादूगारांची नावं त्यांची.

दुसऱ्या आणि तिसऱ्या ढिगाची सीमा कशी आखली जाते हे पाहायचं तर या खेळाचंच उदाहरण घ्यावं. सुरुवातीच्या पुस्तकांत ‘हॉबिट’ हा शब्द बिनदिक्कत छापलेला होता. हॉबिट म्हणजे ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ लिहिणाऱ्या टोल्किनच्या कथांतली बुटकी माणसं. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात टोल्किनच्या साहित्याचे व्यापारी हक्क असलेल्यांनी हरकत घेतली. मग हॉबिटचा हाफलिंग झाला, चालणाऱ्या झाडाचा एंट जाऊन ट्रीअंट आला, बॅलरॉग या अग्निराक्षसाचा बेलॉर झाला. आज जी कंपनी आपली नावं सांभाळते तिच्या खेळाची सुरुवात अशी. उसनवारी या घराण्यात पहिल्या पिढीपासून आहे.

आणि हो, या खेळाच्या १९७७ च्या राक्षसकोशात चक्क ‘राक्षस’ आहे, याच नावाने. वाघाचं डोकं, अंगात भारी झगा, हाताचे पंजे उलटे. लहानपणी आजीकडून ऐकलेल्या राक्षसाशी याचा संबंध इतकाच की तोही माणसं खातो. १९८० मध्ये आलेल्या देवांच्या पुस्तकात इंद्र आणि अग्नी यांना लढाईचे आकडेसुद्धा बहाल केलेत. यावर चिडावं की हसावं हे ज्याचं त्याने ठरवावं. मला ते वाचताना एवढंच वाटलं, आपल्याकडचा माल त्यांनी कुणाला न विचारता उचलला, कारण तो दुसऱ्या ढिगातला होता. मग आपल्याला त्या ढिगात हात घालायला कुणी अडवलंय?

भारतात लेखनहक्काचा कायदा १९५७ चा. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने आर. जी. आनंद यांच्या नाटकाचा खटला निकालात काढला. त्यांचं म्हणणं होतं की ‘न्यू दिल्ली’ हा चित्रपट आपल्या नाटकावरून उचललाय. दोन्हीकडे प्रांताप्रांतांतला दुरावा हाच विषय. न्यायालय म्हणालं, विषय कुणाचा नसतो, मांडणी असते, आणि मांडणी इथे वेगळी आहे. आनंद हरले. त्याच कायद्याचं कलम ५२ खाजगी वापर, टीका, समीक्षा यांना थोडी मोकळीक देतं. पण जालावर जगाला दाखवलेली पट्टी खाजगी कशी ठरणार? विडंबनाचं तर त्या कलमात नावही नाही. थोडक्यात, “मी पैसे घेत नाही, म्हणजे मी सुरक्षित” हा चाहत्यांमधला लाडका समज कायद्याच्या पुस्तकात कुठे सापडत नाही.

कंपनी डोळेझाक का करते

तरीही हजारो चाहते चित्रं काढतात आणि बहुतेकांच्या दारात वकिलाची नोटीस येत नाही. कारण साधं आहे. फुकटची जाहिरात कुणाला नको असते?

विझर्ड्सने २०१७ मध्ये हे लेखीच दिलं. त्यांच्या चाहता-धोरणाचा गाभा असा: तुमची निर्मिती सगळ्यांना फुकट पाहता आली पाहिजे. पैसे द्या मग पान उघडेल, नाव नोंदवा मग पुढचा भाग दिसेल, असलं काही चालणार नाही. जाहिराती, देणग्या, प्रायोजक चालतील, जोवर त्यांच्यामुळे कुणाची वाट अडत नाही. कंपनीची बोधचिन्हं वापरायची नाहीत. ही निर्मिती अधिकृत नाही असं स्पष्ट लिहायचं. ते वाक्यही त्यांनीच तयार करून दिलंय. आता यातली मेख बघा. फुकट दाखवलेल्या पट्ट्यांचं उद्या पुस्तक काढून विकावंसं वाटलं, तर या परवानगीत ते बसत नाही. दुसऱ्याच्या जागेत भाड्याशिवाय राहायला मिळतं, पण तिथे दुकान टाकता येत नाही. बर्ल्यूने खंडामागून खंड विकले, कारण त्याचं घर स्वतःच्या जमिनीवर होतं.

सगळ्या कंपन्या इतक्या मोकळ्या नसतात. ‘वॉरहॅमर’ हा युद्धखेळ काढणाऱ्या ब्रिटिश गेम्स वर्कशॉप कंपनीने २०२१ च्या जुलैत आपले नियम कडक केले आणि चाहत्यांनी त्यांच्या जगावर चित्रपट किंवा अॅनिमेशन परवान्याशिवाय करायचंच नाही असं बजावलं. वर्षानुवर्षं चाललेली आणि लाखोंनी पाहिलेली एक विनोदी अॅनिमेशन मालिका त्यानंतर थांबली. म्हणून ज्या जगात शिरायचं त्याच्या मालकाचं धोरण आधी वाचा, तारीख बघून वाचा, आणि त्याची एक प्रत जपून ठेवा.

धोरण बदलतं तेव्हा काय होतं याचा नमुना जानेवारी २०२३ मध्ये सगळ्यांनी पाहिला. २००० सालापासून विझर्ड्सने एक खुला परवाना दिला होता; मूळ नियम वापरा, त्यावर आपलं काही बांधा, विका. तेवीस वर्षांत त्या भरवशावर कितीतरी छोटे प्रकाशक उभे राहिले. मग नव्या, जाचक परवान्याचा मसुदा फुटला. खेळाडू एवढे खवळले की त्याच महिन्याच्या २७ तारखेला कंपनीने माघार घेतली आणि खेळाचा ५.१ क्रमांकाचा नियमदस्तऐवज सरळ क्रिएटिव्ह कॉमन्स या सगळ्यांना खुल्या परवान्याखाली टाकला. २०२५ मध्ये त्याची ५.२ आवृत्तीही तशीच खुली झाली. ही परवानगी परत घेता येत नाही. श्रेय दिलंत की त्यातलं काहीही वापरा, विकासुद्धा. आज नवीन चित्रकथा सुरू करणाऱ्याने आधी हा दस्तऐवज उघडावा. त्यातले राक्षस, मंत्र, शस्त्रं म्हणजे उघडं कोठार आहे.

नावं खरवडली की काय उरतं

आता माझ्या मूळ मुद्द्याकडे. नवशिक्या चाहत्याला सगळ्यांत जास्त मोह तिसऱ्या ढिगाचा पडतो. पहिल्याच चौकटीत नकाशा, दुसरीत राजघराण्याचा इतिहास, तिसरीत देवांची वंशावळ. माझ्या चौदा पट्ट्यांपैकी सहा नकाशांतच गेल्या. वाचणारे माझेच मित्र होते. त्यांतल्या एकीने विचारलं, “पण ही माणसं एकमेकांशी बोलतात कधी?”

उसन्या नावांचं असंच असतं. ज्याला ती माहीत आहेत त्याला क्षणभर ओळखीचा आनंद होतो, मग तो पुढचं पान बघतो. ज्याला माहीत नाहीत त्याला काहीच होत नाही. चौकटीत तरंगता बिहोल्डर काढला तर जाणकार म्हणतो, “अरे, बिहोल्डर!” पुढे काय? पुढे तो दहा छोट्या डोळ्यांपैकी कुठल्या डोळ्याला चष्मा लागलाय यावरून आपल्या आईशी भांडत असेल, तर गंमत सुरू झाली. ती गंमत म्हाताऱ्या होत चाललेल्या कुठल्याही प्राण्याची आहे. डोळे सहा केले, नाव बदललं, तरी ती टिकते आणि मग ती तुमची होते.

याचा मोठा पुरावा ‘क्रिटिकल रोल’चा. अमेरिकेतले काही आवाज-कलाकार मित्र घरी असले खेळ खेळायचे. २०१५ पासून ते प्रेक्षकांसमोर खेळू लागले. घरच्या टेबलावर कोण विचारतो, कुठला देव कुठल्या कंपनीचा? त्यांच्या एका पुजारिणीची देवी सारेनरे ही पाथफाइंडर या दुसऱ्या कंपनीच्या खेळातली होती. २०२२ मध्ये त्यांच्या डावाचं अॅनिमेशन आलं तेव्हा तिची ‘एव्हरलाइट’ झाली. ‘बिग्बीचा हात’ नावाचा एक मंत्र आहे. बिग्बी हा कंपनीच्या मालकीचा जादूगार, म्हणून पडद्यावर तो गाणाऱ्या स्कॅनलनच्या स्वतःच्या नावाने आला. पाहणाऱ्यांचं काही अडलं का? उलट, जांभळा राक्षसी हात स्कॅनलनचाच असावा हे त्याच्या बढाईखोर स्वभावाला जास्त शोभलं.

जपानमध्ये हे त्याच्याही खूप आधी घडलं होतं. १९८६ मध्ये ‘कॉम्प्टिक’ नावाच्या मासिकात एका गटाने खेळलेल्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या डावाची संवादरूप नोंद छापून येऊ लागली. कोण काय बोललं, कुणाचा फासा काय पडला, अगदी नाटकाच्या संहितेसारखं. लोकांना ते इतकं आवडलं की त्यातून कादंबऱ्या झाल्या, अॅनिमे झालं. वाटेत मूळ खेळाचे नियम सुटले आणि गटाने स्वतःचे बनवले. ‘रेकॉर्ड ऑफ लोडॉस वॉर’ आज स्वतंत्र जग म्हणून ओळखलं जातं.

बर्ल्यूच्या काडीवाल्या जगातही पाहा. उत्तरेकडचे देव थोर, लोकी, ओडिन, थेट नॉर्स पुराणांतले. पश्चिमेचे मेसोपोटेमियातले. दक्षिणेच्या देवमंडळात चिनी राशिचक्रातले बारा प्राणी. सगळा माल दुसऱ्या ढिगातला. आणि तरी वाचणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं की आपण कुठल्या खेळाबद्दल वाचतोय.

फाशाची अडचण

हा भाग कुणी समजावून सांगत नाही, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

टेबलावर एक पडला आणि तुमचा शूर सरदार घोड्यावर चढताना पलीकडे पडला, तर सगळे पोट धरून हसतात. तीच घटना चित्रात काढली की पडते, आणि हसू येत नाही. असं का? टेबलावर फासा खरोखर कुणाच्या हातात नव्हता. डीएमच्या नाही, खेळाडूच्याही नाही. त्या क्षणी नशिबाने सगळ्यांची फजिती केली. चित्रकथेत मात्र वाचणाऱ्याला माहीत असतं की तो एक तुम्हीच टाकलाय. तुम्ही ठरवलंत म्हणून सरदार पडला. आपल्या लाडक्या पात्राला तुम्ही वीस दिलेत तर तो पक्षपात वाटतो, आणि एक दिलात तर छळ.

म्हणून चित्रकथेत फाशाच्या जागी स्वभाव बसवावा लागतो. सरदार पडतो, कारण खोगीर सैल आहे हे मोतद्दाराने सांगितलं होतं आणि मोतद्दाराचं ऐकणं त्याच्या शानेत बसत नाही. वाट चुकते, कारण वाटाड्याने नकाशा उलटा धरलाय आणि तो ते मरेपर्यंत कबूल करणार नाही. आकडा तोच, एक. पण आता त्याला कारण आहे, आणि ते कारण पुन्हा पुन्हा उपयोगी पडतं.

दुसरी एक युक्ती आहे: फासे लपवायचेच नाहीत, टेबलच दाखवायचं. शेमस यंगने २००६-०७ मध्ये ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ चित्रपटांतली स्थिर दृश्यं घेतली आणि सगळ्या पात्रांच्या तोंडी कंटाळलेल्या खेळाडूंचे संवाद घातले. डीएमने जीव ओतून महाकथा रचलीय आणि बाकीच्यांना फक्त लूट हवीय. लगोलग २००७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका मित्रमंडळाने हाच प्रयोग ‘स्टार वॉर्स’च्या दृश्यांवर सुरू केला. त्याआधी २००१ पासून ब्रायन क्लेव्हिंजर ‘फायनल फँटसी’ या व्हिडिओ गेममधल्या ठिपक्याठिपक्यांच्या बाहुल्या उचलून पट्ट्या करत होता, त्या २०१० पर्यंत चालल्या. चित्र काढता येत नाही त्याच्यासाठी ही मोठीच सोय. फक्त इथे उसनवारी नावांवर थांबत नाही, आख्खं चित्रच दुसऱ्याचं असतं. असल्या कामाचं पुस्तक विकायचं स्वप्नसुद्धा पाहू नये.

आणि टेबल तुमच्या घरचं असेल तर आणखी एक मालक निघतो, तो म्हणजे मित्र. डावातली भामटी तुम्ही नाही घडवली, शेजारच्या खुर्चीवरच्या मैत्रिणीने घडवली. तिचे विनोद तिने केले. पट्टी टाकण्याआधी तिला विचारा. कंपनीची नोटीस येईल न येईल, मैत्रिणीचा अबोला नक्की येतो.

मराठीत बोलणारा बुटका

मराठीत करायचं तर अडचणी वेगळ्या, आणि मजाही.

इंग्रजीत सगळ्यांना एकच ‘यू’. आपल्याकडे तू, तुम्ही, आपण. ही तीन सर्वनामं म्हणजे फुकट मिळालेलं पात्रचित्रण. सातशे वर्षांचा एल्फ कुत्र्यालाही “आपण जरा बाजूला होता का” म्हणतो. भामटी राजालाही “तू” म्हणते. आणि ज्या दिवशी ती एल्फला पहिल्यांदा “तुम्ही” म्हणते त्या दिवशी काहीतरी बिनसलंय हे न सांगता कळतं. जोर द्यायला इंग्रजी कॉमिकमध्ये शब्द ठळक करतात. आपल्याकडे ‘च’ आहे, ‘की’ आहे, ‘बुवा’ आहे. “मी जाणार” आणि “मीच जाणार की” यांत अक्षर जाड करायची गरज नाही.

बर्ल्यूचा बुटका पुजारी स्कॉटिश ढंगात बोलतो. मराठीत लगेच सुचतं, बुटका मालवणी बोलेल, नाहीतर वऱ्हाडी. चालेल, पण जपून. आपल्या नाटक-मालिकांची जुनी खोड आहे की नायक प्रमाण मराठीत बोलणार आणि गडी बोलीत. ती खोड इथे कशाला आणायची? सगळ्यांत विद्वान जादूगारच वऱ्हाडीत मंत्र समजावून सांगत असेल, “तुले किती डाव सांगतलं बे, आधी वर्तुळ काढाचं असते,” तर बोलीला मान मिळतो आणि विनोदही ताजा राहतो. गाणाऱ्या पात्राला इंग्रजीत बार्ड म्हणतात. त्याला शाहीर करा, हातात डफ द्या, की अर्धं काम झालं. क्लेरिकला, म्हणजे चिलखत घालून लढणाऱ्या पुजाऱ्याला, मात्र मला आजवर चांगला शब्द मिळालेला नाही. पुजारी म्हटलं की डोळ्यांपुढे चिलखत येत नाही.

संवादाच्या फुग्यातल्या अक्षरांचं गणित तर बसायलाच हवं. देवनागरीला वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार असतात, म्हणून दोन ओळींत इंग्रजीपेक्षा जास्त मोकळी जागा सोडावी लागते. ‘पाठलाग करणाऱ्यांपैकी’सारखे शब्द फुग्यात मावत नाहीत आणि आपल्याला शब्द तोडायची सवय नाही. यावर उपाय एकच, वाक्य बदला: “मागे लागलेत त्यांतला एक.” बोलीलाही तेच शोभतं. हस्ताक्षरासारखा टंक (फॉन्ट) हवा तर अहमदाबादच्या इंडियन टाइप फाउंड्रीचा ‘कलम’ आहे. जाडजूड ठसठशीत हवा तर मुंबईच्या एक टाइपचा ‘बलू’. दोन्ही खुल्या परवान्याचे. काही चित्रप्रणालींत देवनागरीची मांडणी आधी चालू करावी लागते, नाहीतर ‘कि’ची वेलांटी पळून भलत्याच बाजूला बसते आणि तुमचा ड्रॅगन ‘कीतर’ का ‘कितर’ म्हणाला ते त्यालाच ठाऊक. शेवटी चित्र फोनवर उघडा आणि हात लांब करून वाचा. जोडाक्षर दिसलं नाही तर अक्षर वाढवा आणि संवाद कापा.

खाली सरकत जाणाऱ्या पट्टीची चाल कोरियातून आली. नेव्हर कंपनीने २००४ मध्ये तिथे वेबटून सुरू केलं. फोनवाल्यांसाठी हीच चाल बरी. पान उलटायचं नसल्यामुळे चौकटींमधली मोकळी जागा हीच वेळ. अंधारात पाऊल टाकायचं असेल तर दोन बोटं काळी जागा सोडा.

कितीही सोपं चित्र असलं तरी हात लागतोच. २०१२ मध्ये, ते साडेबारा लाख जमल्यानंतर काही महिन्यांतच, बर्ल्यूच्या चित्र काढायच्या हाताचा अंगठा भयंकर कापला आणि पट्टी कित्येक महिने बंद पडली. म्हणून आठ-दहा पट्ट्या हातात ठेवूनच पहिली टाका, आणि आठवड्याला एकच देईन म्हणा. माझ्या चौदा पट्ट्या सात आठवड्यांत संपल्या. पुढची दाखवायला घरात काही नव्हतं.

सध्या पंधरावी काढतोय. नकाशा आहे, पण तो आता एका पात्राच्या हातात आहे. राक्षसही घरचाच घेतलाय. कोकणात, गोव्यात वाटसरूंना रात्रभर एकाच जागी फिरवणारा चकवा सांगतात, त्याच्यावर कुणाचा लेखनहक्क नाही. चार चौकटी. पहिलीत घाट, रात्र, शाहीर, भामटी आणि नकाशेवाला. भामटी म्हणते, “हा फणस मघाशी पाहिला.” दुसरीत नकाशेवाला म्हणतो, “फणस सगळे सारखेच दिसतात.” तिसरीत फांदीवर पाय सोडून बसलेला चकवा अगदी काकुळतीला येऊन सांगतो, “अहो, देवाशपथ, मी अजून काहीच केलेलं नाही.” चौथीत संवाद नाही. चकवा खाली उतरतो, नकाशेवाल्याच्या हातातला नकाशा घेतो, सुलटा करून परत देतो आणि शाहीर डफावर एक थाप मारतो.